सुनेबरोबर नातही गेली

माझी नात जन्मली तेव्हा तिच्या बापाला जाऊन तीन महिने होत आले होते. मुलुंडचं एक लहानसं प्रसूतिगृह होतं, खाली दोन खोल्या, वर डॉक्टरीणबाईंचं बिऱ्हाड. सकाळचे नऊ वाजले असतील. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. नर्सनं दार किलकिलं करून सांगितलं, "मुलगी झाली. दोघी छान आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो आजोबा, तोंड का पाडलंत? पहिली बेटी, धनाची पेटी." तिला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. मान हलवली आणि टोपी हातात घेऊन तसाच बसून राहिलो.

माझी बायको आत होती. तिनं तीन महिने एकच गोष्ट मनाशी धरली होती, की मुलगा होणार आणि आपला मुलगाच परत येणार. तिनं ते उघड बोलून दाखवलं नव्हतं, पण जुन्या ट्रंकेतली त्याची लहानपणची अंगडी धुऊन, उन्हात वाळवून तिनं उशाशी ठेवली होती, त्यावरून मला कळलं होतं. मी आत गेलो तेव्हा ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. मला बघून म्हणाली, "नाहीच आला तो." तेवढंच. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं असणारच. बाळ एका कडेला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं आणि तिघांपैकी कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. शेवटी आयाबाईनं ते उचललं आणि न विचारता बायकोच्या मांडीवर ठेवलं. "धरा की आजी, पडंल," म्हणाली. बायकोनं धरलं. थोड्या वेळानं फडकं बाजूला करून तिनं पोरीची पावलं बघितली, बोटं मोजली, आणि पुन्हा नीट गुंडाळून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं तिनं त्या पोरीला जवळजवळ खाली ठेवलंच नाही.

मुलगा कसा गेला ते सांगायला हवं, कारण पुढं मी जे केलं ते त्याशिवाय कोणाला समजणार नाही.

तो आमचा एकुलता एक. भांडुपला एका नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं तो ओव्हरसियर होता. एका संध्याकाळी लंगडत घरी आला. सुट्या फळीतला खिळा चपलेतून थेट तळव्यात शिरला होता. जखम म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याएवढी. मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होतो. तो पायरीवर बसून पाय धूत म्हणाला, "बाबा, साईटवरचे साहेब म्हणत होते, धनुर्वाताची सुई टोचून घे. उद्या जाऊ का दवाखान्यात?"

मी एकतीस वर्षं मुलुंडच्या मिठागरावर कारकुनी केली. आगरातल्या बायामाणसांचे पाय रोज शिंपल्यांनी कापायचे, मिठानं चिरायचे, आणि ती माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाऱ्या पाण्यात उभी राहायची. मी तेच म्हणालो. "एवढ्याशा खिळ्याला सुई? आगरातल्या लोकांना कोण सुया टोचतं रे? तेल कडकडीत कर, हळद घाल आणि चटका दे. सकाळी बरा होशील." तो हसला, "बरं," म्हणाला. सून तेव्हा आत कणीक मळत होती. बायको तिच्या शेजारी होती. त्याला हळदीचं तेल तिनंच करून दिलं.

जखम भरलीसुद्धा. नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "जबडा आखडलाय, दाढ दुखतेय वाटतं." दुसऱ्या दिवशी त्याला तोंड उघडेना. आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि टॅक्सी बोलवायला माणूस पाठवला. आम्ही त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं त्याला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कारण उजेडानं आणि आवाजानं झटके येतात. कोणी भांडं आपटलं, कोणी मोठ्यानं खोकलं, की त्याची पाठ धनुष्यासारखी वर उचलायची. शुद्ध पूर्ण होती. डोळे आमच्याकडे लागलेले असायचे. नर्स सुनेला म्हणाली, "बाई, बांगड्या काढून ठेवा. किणकिण झाली की त्यांना त्रास होतो." सुनेनं नवरा जिवंत असताना हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. त्या बांगड्या तिला परत द्यायची वेळच आली नाही.

सुईबद्दल मला कोणी काही बोललं नाही. बायको नाही, सून नाही. मला वाटायचं, एकदा तरी बोला. एकदा तोंडावर म्हणा. पण दोघी गप्प राहिल्या आणि मीही राहिलो.

नातीचं बारसं बायकोनं घरातल्या घरात उरकलं. शेजारच्या चार बायका आल्या, आत्या नव्हती म्हणून त्यातल्याच एकीनं पोरीच्या कानात कुर्र केलं. पाळणा म्हणायला कोणी धजेना. मग एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, "लेकरानं काय केलंय? त्याचा पाळणा त्याला म्हणा," आणि तिनंच सुरुवात केली. सून तेवढ्यापुरती बाहेर येऊन बसली आणि उठून आत गेली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. आईबाप नव्हते, भाऊ कोकणात होता आणि त्याला त्याचीच सहा तोंडं होती. त्याचं पत्र आलं: ताईला आता तुमचाच आधार. म्हणजे मी काही करू शकत नाही, असा त्याचा अर्थ.

पोर मोठी होऊ लागली. घरात तिचा आवाज फिरू लागला. ती मला 'बाबा' म्हणायची, कारण आळीत सगळे मला तेच म्हणत, आणि आजीला नुसतं 'जी'. सकाळी अंघोळ झाली की 'जी'च्या कडेवर बसून विहिरीपर्यंत, तिथून देवळापर्यंत, परत घरी. बायकोचे गुडघे दुखत असत, तरी ती पोरीला चालू देत नसे. खरं सांगतो, त्या दोन वर्षांत माझ्या घरात थोडं बरं चाललं होतं. मी तेव्हा ते बोललो नाही, आता लिहितो.

सून मॅट्रिक झालेली होती. मीच तिला पुढं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं आणि नंतर घाटकोपरच्या एका शाळेत चिकटवून दिलं. त्या शाळेत एक शिक्षक होते. पस्तिशीचे, पहिली बायको लग्नानंतर वर्षभरात वारलेली, मूलबाळ नाही, अंधेरीला आईबरोबर राहायचे. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं मला बोलावून घेतलं आणि स्पष्टच विचारलं, "तुमच्या सुनेचं पुन्हा लग्न झालं तर तुमची हरकत आहे का? माणूस चांगला आहे. त्यानं माझ्याकडे शब्द टाकलाय. ती मात्र म्हणते, मामंजींना विचारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही."

हरकत असायला माझ्याकडे तोंड कुठं होतं? मला उलट सुटल्यासारखं वाटलं. ज्या पोरीचं आयुष्य माझ्या एका वाक्यानं मोडलं, ते जुळवून द्यायची संधी आपण होऊन चालत आली होती. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती निवडायच्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, "होऊ दे. तिचं वय आहे. पण सावकाश होऊ दे ना. तुम्हाला कसली एवढी घाई झालीय?"

मी टोपी काढून खुंटीला अडकवली. तिला उत्तर माहीत असावं.

शिक्षकांची आणि माझी भेट घाटकोपर स्टेशनसमोरच्या एका चहाच्या हॉटेलात झाली. साधा माणूस. धुतलेला पांढरा सदरा, बोटांना खडूची पूड. चहा येईपर्यंत ते टेबलावरचं पाणी बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "मुलगी आमच्याबरोबरच येईल. तिला आईपासून तोडायचं मला पटत नाही. माझ्या आईलाही मी समजावलंय."

मी म्हणालो, "हे तुमचं मोठेपण."

"मोठेपण कसलं. पण एक विनंती आहे. ती माझंच नाव लावील. मला वडील म्हणेल. ती समजत्या वयाची होईपर्यंत तिला दुसरं काही कळू नये असं मला वाटतं. वाड्यातली पोरं वाईट असतात हो. सावत्र, सावत्र करून जीव खातील तिचा. मोठी झाली की मी स्वतः सांगीन."

एवढंच. त्या गृहस्थांनी एवढंच मागितलं. त्यात आमच्या येण्याजाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते पुढं काही बोलणारही होते, 'तुम्ही दोघं' असा शब्द त्यांनी काढला होता. पण माझ्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. मला काहीतरी मोठं सोडून द्यायचं होतं. जेवढं अवघड, तेवढं बरं वाटणार होतं. मी त्यांना मध्येच थांबवलं आणि म्हणालो, "मास्तर, तुम्ही निश्चिंत राहा. आम्ही मुळी येणारच नाही. जुन्या घराचा संबंधच नको. पोर तुमची म्हणून वाढू दे. मी शब्द देतो."

ते गोंधळले. "तसं नाही, म्हणजे तुम्ही अगदीच..."

"नाही, नाही. अर्धवट काही नको," मी म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पायांना हात लावला, हॉटेलात, चार लोकांदेखत. मला तेव्हा किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते.

घरी आलो. बायको ओटीवर पोरीला मऊभात भरवत होती. पोर तोंड फिरवत होती, ही तिच्या मागं मागं घास नेत होती. मी चपला काढता काढता सांगितलं, "ठरलं. पुढच्या महिन्यात लग्न. पोर त्यांच्याकडे जाणार."

"जाऊ दे. आईपाशीच असायला हवी," ती म्हणाली. "अंधेरी काय लांब आहे? महिन्याकाठी जाऊन येऊ."

आता मला खरं सांगावं लागणार होतं, की ते मीच नाकारून आलोय. तिला न विचारता. मी म्हणालो, "येणंजाणं ठेवायचं नाही. त्यांची अट आहे तशी."

तिचा हात थांबला. "कोणाची अट?"

"त्यांची. पोरीला काही कळू द्यायचं नाही म्हणतात."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"पोरीच्या भल्याचं आहे."

ती काही बोलली नाही. वाटीत राहिलेला भात तिनं बोटानं गोळा केला आणि शेवटचा घास पोरीला भरवला. मग तिचं तोंड पुसलं.

सुनेनंही मला विचारलं, "मामंजी, तुमची दोघांची मनापासून तयारी आहे ना? आईंचा चेहरा बघवत नाही मला. नसेल तर मी लग्न करत नाही. आहे तशी राहीन." मी तिला अधिकारानं गप्प केलं. "आमच्या मागं तुझं कोण आहे? वेड्यासारखं बोलू नकोस." आमचं येणंजाणं बंद राहणार, हे मी तिच्याजवळ काढलंच नाही. ते मास्तर सांगतील असं मी धरून चाललो, आणि मास्तरांनी धरलं असावं की मी सांगीन.

लग्न पार्ल्याच्या एका लहान कार्यालयात झालं. पंधरा माणसं असतील. कन्यादानाला तिचा भाऊ आला नाही, म्हणून मी पाटावर बसलो. बायको पोरीला घेऊन घरीच राहिली, त्यामुळे मी एकटाच. भटजी म्हणाले, सपत्नीक हवं, पण चालवून घेऊ. सुनेचा हात त्या माणसाच्या हातात देताना मला माझा मुलगा आठवायला हवा होता. तो आठवला नाही. आपण फार चांगलं काहीतरी करतोय, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसापासून सून मला 'मामंजी' म्हणायची थांबली आणि 'बाबा' म्हणू लागली.

चार दिवसांनी ती दोघं पोरीला न्यायला आली. बायकोनं सकाळपासून पोरीची नखं काढायला घेतली होती. वीस नखं काढायला किती वेळ लागतो? ती एकेक बोट धरून बसून राहायची. टोपडी, झबली, दुधाची वाटी, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी, सगळं तिनं एका पिशवीत भरलं. मुलाची ती जुनी अंगडीही भरली. दारात टांगा उभा होता. घोडा बघून पोर हरखली. 'घोला, घोला' करत आईच्या कडेवरून पुढं झेप घ्यायला लागली. सून बायकोच्या पाया पडली आणि तिथंच पायांवर डोकं ठेवून रडत राहिली. बायकोनं तिला उठवलं. "सुखी राहा. पोरीला कफ होतो, ओव्याची धुरी देत जा," म्हणाली. टांगा निघाला तेव्हा पोर घोड्याच्या शेपटीकडे बघत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दोन वर्षांचं मूल, ते कशाला बघेल?

बायको आत गेली, तिनं भांडी घासायला काढली. त्यानंतर आमच्या घरात कामापुरतं बोलणं राहिलं. "पाणी तापलंय." "भाजी आणा." "जेवायला वाढू का?" भांडण एकदाही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

सुनेची पत्रं यायची. दिवाळीला, संक्रांतीला, मधून कधी. नव्या घरी ती रमली होती, नोकरीही तिनं अंधेरीच्याच शाळेत घेतली होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आईंना नमस्कार' असायचं आणि एक ओळ पोरीबद्दल. एकदोन पत्रांत 'कधी येता?' असंही होतं. ती पत्रं मी बायकोला वाचून दाखवायचो तेव्हा तेवढी ओळ गाळायचो. बायकोला अक्षरओळख बेताची होती. तिनं कधी पत्र हातात मागितलं नाही.

पुढच्या वर्षी मला साठ वर्षं पूर्ण झाली. आमच्या आळीतल्या वाचनालयाच्या लोकांनी माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ, तीन भाषणं. मिठागरावरची माझी नोकरी, वाचनालयासाठी केलेली खटपट, हे सगळं झालं, आणि मग मुख्य वक्ते उठले. ते म्हणाले, "आपण सुधारणेच्या गप्पा मारतो. या गृहस्थांनी पोटचा मुलगा गेल्यावर सुनेला मुलगी मानलं आणि तिचं कन्यादान केलं. याला म्हणतात जगणं. असं आयुष्य ज्याला जगता आलं तो कृतार्थ." टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होतो. वर बघितलं तेव्हा बायकांच्या रांगेतली शेवटची खुर्ची रिकामी होती.

घरी आलो तर ती अंधारात ओटीवर बसली होती. दिवासुद्धा लावला नव्हता. मी शाल खुंटीला अडकवली. तेव्हा ती बोलली, वर्षभरात पहिल्यांदा काही बोलली.

"सुनेचं दान केलंत. चांगलं केलंत. मी कधी नको म्हटलं नाही. पण नातीचंही केलंत. ती काय तुमची एकट्याची होती?"

"अट त्यांची होती," मी म्हणालो. पुन्हा.

"असेल. पण तुम्ही एकदा तरी म्हणायचंत, की माझ्या बायकोला विचारतो. घोरपडीसारखी चिकटले असते मी त्या माणसाच्या पायांना. दुरून बघू द्या म्हणाले असते. त्यानं काय मारलं असतं मला?"

मी अंघोळीच्या निमित्तानं उठून गेलो.

त्याच्या पुढच्या वर्षी तिला पोटात दुखायला लागलं. आधी आम्ही पित्त समजलो. मग डॉक्टर म्हणाले गाठ आहे, आणि या वयात कापाकापी करण्यात अर्थ नाही. चार महिने ती अंथरुणावर होती. मी नोकरीतून निवृत्त झालेला, त्यामुळे सगळं मीच करायचो. पेज करून भरवायची, अंग पुसायचं, केस विंचरायचे. त्या दिवसांत ती पुन्हा माझ्याशी बोलू लागली. जुनं, कोकणातलं, लग्नातलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. रागावू नका."

"सांग."

"मी अंधेरीला जाऊन आले होते. मागच्या श्रावणात. तुम्हाला म्हटलं देवळात जाते, कीर्तन आहे."

मला विश्वास बसेना. ही बाई चाळीस वर्षांत मुलुंडच्या बाहेर एकटी गेलेली नव्हती. "एकटी? वाट कशी सापडली?"

"विचारत विचारत. दादरला एका पोलिसानं गाडी दाखवली. पत्रात त्यांच्या शाळेचं नाव होतं, तुम्ही वाचलं होतंत, ते मी ध्यानात ठेवलं. म्हटलं, पोरीलाही तिथंच बालवर्गात घातली असेल. फाटकासमोर एक शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर बसले. शाळा सुटली. आईचं बोट धरून बाहेर आली हो. दोन वेण्या घातलेल्या. लाल रिबिनी."

"मग? बोललीस?"

"कशी बोलणार? अट होती ना." तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. "पदर पुढं ओढून बसले. सून ओळखील म्हणून तोंड फिरवलं. माझ्या अंगावरून गेल्या दोघी, एवढ्या जवळून. पोर पाढे म्हणत होती. बे एके बे. मग गेल्या."

मी तिचे पाय धरून बसलो होतो. त्या वेळी सांगायला हवं होतं. अट नव्हती. कोणी तुला अडवलं नव्हतं. तू नुसती हाक मारली असतीस तर ती दोघं तुला घरी घेऊन गेली असती, पोर तुझ्या मांडीवर बसली असती. माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, की मी अट पाळली, पोरीचं काही बिघडवलं नाही. ते तिच्याजवळ उरलेलं एकच समाधान होतं आणि तेही खोट्यावर उभं होतं. सांगितलं असतं तर ते गेलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण तेच होतं की माझी भीती, हे मला आजही ठरवता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "मला न्यायचंस."

"तुम्ही आला नसतात," ती म्हणाली.

त्यानंतर ती तीन आठवडे होती.

सुनेला मी तार केली, ती दिवसकार्य झाल्यावर आली. बरोबर पोर होती, पाच वर्षं पुरी झालेली, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात पाटी. सून दारातच रडायला लागली. मग ओटीवर बसली आणि जे मला वाटलंच होतं तेच तिनं विचारलं.

"बाबा, तुम्ही दोघं एकदाही का आला नाहीत? यांनी किती वेळा म्हटलं, चल आपण जाऊ. पण मीच अडवायची. मला वाटायचं आईंना माझा राग आहे. मी त्यांच्या मुलाला विसरले म्हणून. पत्राला कधी त्यांच्याकडून दोन शब्द नाहीत. मग मी कोणत्या तोंडानं येऊ?"

मी तिला सगळं सांगितलं. हॉटेलात मास्तर काय म्हणाले आणि मी काय म्हणालो. बायकोला काय सांगितलं. शिंप्याच्या पायरीचंही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. सांगून झाल्यावर तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "श्रावणात? एक बाई बसली होती खरी पायरीवर. मला वाटलं, कोणीतरी दमलेली म्हातारी." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी म्हणालो, "बोल मला. काय बोलायचं ते बोल." ती नुसती मान हलवत राहिली. तिच्याजवळ माझ्यासाठी राग नव्हता, किंवा असेल तर तो काढायची ती जागा नव्हती. ती आत गेली आणि चुलीपाशी जाऊन बसली, सासू बसायची तिथं.

पोर एवढा वेळ अंगणात होती. ती आत आली आणि मला म्हणाली, "आजोबा, पाणी द्या ना." मी चमकलो. मग लक्षात आलं, कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला पोरं आजोबाच म्हणतात. मी तांब्याभांडं आणून दिलं. ती भांडं तोंडाला न लावता वरून पाणी प्यायला गेली आणि निम्मं फ्रॉकवर सांडलं. मी पंच्यानं तिचा गळा पुसला. तिनं पुसू दिलं.

म्हणजे अडचण कसलीच नव्हती. आम्ही मुलुंडचे आजीआजोबा म्हणून गेलो असतो, तिनं आजी अशी हाक मारली असती, कोणाला काही कळलं नसतं, मास्तरांचा शब्दही राहिला असता. इतकी साधी गोष्ट मला त्या हॉटेलात सुचली नाही, कारण मला साधं काही नकोच होतं.

आता ती तिघं वर्षातून दोनदा येतात. मास्तर माझ्याशी पूर्वीइतक्याच आदरानं बोलतात. सुनेनं त्यांना काही सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. आळीतले लोक अजून एखाद्या लग्नात मला पुढं बसवतात आणि नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सुनेच्या कन्यादानाची गोष्ट सांगतात. पूर्वी मी नम्रपणे हसायचो. हल्ली उठून पाणी प्यायला जातो. गेल्या खेपेला सून जाताना म्हणाली, "बाबा, मुलीला दहावं लागलं की हे सांगणार आहेत. मग ती विचारील तुम्हाला, आजी कशी होती, वडील कसे होते, कसे गेले. तुम्ही सगळं सांगा." मी हो म्हणालो. त्याला अजून तीन वर्षं आहेत. तोवर मी असेन की नाही कोण जाणे, म्हणून हे लिहून ठेवलं.